पाच नंबरची हालचाल

क्लोतिल्देबाईंनी मला पहिल्यांदा दारात उभं केलं तेव्हा माझ्या काखेतल्या खोक्याकडे बघून विचारलं, "यात कुत्रा आहे का?"

"कुत्रा नाही हो. गजर आहे. चोर आला की ओरडतो."

"मग कुत्राच की. खातो काय?"

"सेल."

"सेल माझ्याकडे नाहीत. मोते आहेत, तुम्ही खा." असं म्हणून त्यांनी उकडलेल्या टपोऱ्या मक्याची वाटी माझ्या हातात कोंबली, वर चीजचा तुकडा ठेवला, आणि मी खाऊन संपवेपर्यंत खोक्याला हात लावू दिला नाही.

मी अब्दोन किस्पे. ग्वालासेओ आणि आसपासच्या खेड्यांतून बिनवायरीचे गजर बसवतो, सोळा वर्षं झाली. माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या घरांत कोणी राहत नाही. पोरं उत्तरेला जातात, तिकडून पैसे धाडतात, इकडे मक्याच्या शेतात तीन मजली घर उभं राहतं, काळ्या काचा, खांब, गच्चीला कठडा. त्या घराच्या मागे मातीच्या विटांचं जुनं स्वयंपाकघर असतं आणि त्यात आई राहते. घर जितकं रिकामं तितकं मला काम जास्त. याची मला लाज वाटत नाही, पण अभिमानही वाटत नाही.

क्लोतिल्देबाई तेनेसाका तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. बांधा एवढासा, दोन पांढऱ्या वेण्या, डोक्यावर गवताची हॅट, आणि जीभ अशी की गावातला पाद्रीसुद्धा त्यांच्या दारावरून जाताना पावलं उचलायचा. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, रोमुलो. तो बाविसाव्या वर्षी वाटाड्याबरोबर, कागदपत्रांविना, रानावनातून उत्तरेला गेला. चौदा वर्षं झाली, न्यू जर्सीत लोकांच्या छपरांवर पत्रे नि कौलं ठोकतो. इकडे आला तर पुन्हा तिकडे शिरता यायचं नाही, म्हणून येत नाही.

त्याने पैसे धाडले, पण घर बांधलं ते बाईंनी. आमच्या गावातले गवंडी अजून त्यांच्या आठवणीने कानाला हात लावतात. त्या रोज सकाळी ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभ्या राहायच्या. एक भिंत बोटभर कलली होती ती त्यांनी तीनदा पाडायला लावली. नदीवरून दगडसुद्धा स्वतःच्या पाठीवर आणले. आणि एवढं करून त्या घरात त्या एक रात्रही झोपल्या नव्हत्या. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मालक आधी झोपेल, मग मी."

आमच्याकडे घर पुरं झालं की त्या घरासाठी मानलेले धर्माचे आईबाप क्रूस आणतात, तो आढ्यावर चढवतात, आणि मालक खाली अंगणात नाचतो. मग ते घर घर होतं. रोमुलोच्या घराचा क्रूस चार वर्षांपासून पांढऱ्या कापडात गुंडाळून वरच्या खोलीत पलंगावर आडवा पडला होता. आढं बोडकं. शेजारच्या बायका विचारायच्या, "क्लोतिल्दे, तुझ्या घराला टोपी कधी घालणार?" बाई म्हणायच्या, "तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावर केस येतील तेव्हा."

तर तो पहिला दिवस. या कामात बसवणं सोपं, ओळख करून देणं अवघड. मधल्या पेटीला हालचाल टिपणारा प्रत्येक डोळा, प्रत्येक दाराचं चुंबक आधी दाखवावं लागतं. बटण दाबायचं, पेटी टुक् करते, मग त्याला नंबर आणि नाव द्यायचं. नवी सून घरात आली की एकेका नातेवाइकाच्या पाया पडते, तसलाच प्रकार. एक पुढचं दार, दोन मागचं दार, तीन दिवाणखाना, चार जिना, पाच रोमुलोची खोली. रोमुलो फोनवर होता, मागे हातोड्यांचा आवाज. प्रत्येक नंबर त्याच्या फोनवर उमटला की तो "आला" एवढंच म्हणायचा. आईशी दोन वाक्यं बोलला, त्यातलं एक होतं, "मिस्त्री सांगतील ते ऐक."

मग बंद-चालू करायचे आकडे. पहिला आकडा मालकाचा, दुसरा बाईंचा. बाईंनी माझ्या कानात चार अंक सांगितले. काय ते मी सांगणार नाही, धंद्याचा नियम आहे. त्यांचा जन्मदिवस नव्हता एवढं सांगतो.

शेवटी मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "घरात जनावर आहे का? हा डोळा अंगाची ऊब बघतो. ऊब हलली की ओरडतो. मांजर असलं तरी सांगा."

"जनावर?" त्या अशा ताठल्या जणू मी त्यांच्या खानदानावर बोललो. "नव्या घरात जनावर कशाला असेल?"

मागच्या स्वयंपाकघरातून कुयांची शीळ येत होती, पण कुया कोणाच्या चुलीपाशी नसतात? सशाहून लहान, बिनशेपटीचं ते जनावर आमच्याकडे घरोघरी असतं, सणावाराला भाजून ताटात येतं. मी काही मनावर घेतलं नाही. साधे डोळेच राहू दिले आणि घरी आलो.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी चारला, गजर झाला. रोमुलोने आधी आईला फोन केला, मग मला. मी फटफटी काढली. दिवाणखान्यात जाऊन बघतो तो काय, आरशासारख्या चकचकीत फरशीवर लसूणघासाचा ढीग आणि त्यात एकोणीस कुया. रोमुलोने उत्तरेहून धाडलेल्या सोफ्याखाली दोन पिल्लं, एक कुई पडद्याची झालर खात बसलेली.

"क्लोतिल्देबाई! हे काय?"

"त्या कुठे चोर आहेत?"

"मी विचारलं होतं ना जनावर आहे का?"

"कुई म्हणजे काय जनावर? कुई ती कुई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "स्वयंपाकघरात ओल आली हो. गेल्या थंडीत सहा मेल्या. इथे काचांमुळे कसं उबदार असतं. तुम्ही आलात त्या दिवशी मागे नेऊन टोपल्यांखाली झाकल्या होत्या, आज परत आणल्या. नव्या घरात कुया पाळते म्हणाल, म्हणून."

मी बरंच बोललो. माझा राग वाईट आहे, हे माझी बायको मार्गोत कोणालाही सांगेल. माझी बडबड संपेपर्यंत बाई शांत उभ्या होत्या, आणि मला हळूहळू लक्षात आलं की त्या माझं ऐकतच नव्हत्या. चेहरा खुललेला होता.

"त्याचा फोन आला हो मिस्त्री," त्या म्हणाल्या. "लगेच. आशीर्वाद दे आई म्हणाला. मग विचारलं, तू बरी आहेस ना, तुला कोणी काही केलं नाही ना? त्या दिवशी तुमच्या फोनवर बोलला तो सोडला, तर अठ्ठावीस दिवसांनी आला फोन."

मी डोळे बदलले. जमिनीवरच्या लहान जनावराकडे काणाडोळा करणारे असतात, ते उंचावर लावले. म्हटलं, आता एकोणीस काय, एकोणनव्वद कुया धावू देत.

पुढच्या रविवारी चारला पुन्हा गजर. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी सेल बदलले, उंची बदलली, खिडकीतून ऊन येतं म्हणून जाड पडदा लावला. गावात कुजबुज सुरू झाली की अब्दोनचं यंत्र भुताटकीचं आहे. मार्गोत म्हणाली, "तू रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जात नाहीस ना, तुझ्या वतीने तेच बोंबलत असेल." मला झोप लागेना. सोळा वर्षांत माझ्या हातचं एकही यंत्र विनाकारण ओरडलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मी पावणेचारलाच गेलो आणि शेजारच्या मक्यात फटफटी आडवी करून थांबलो. चारला गजर झाला. धावत आत शिरलो. दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं, माणसाच्या खांद्याएवढं, डोळ्याच्या अगदी समोर. त्या कपाटावर एक लठ्ठ तांबूस कुई बसली होती. समोर लसूणघासाची जुडी. ती शांतपणे चावत माझ्याकडे बघत होती.

कुई चढत नाही. कुईपुढे एक वीट आडवी ठेवली तरी तिला तो डोंगर वाटतो. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

बाई दाराशी उभ्या होत्या, कानाला फोन. "हो रे, कुईच. कशी गेली वर कोणास ठाऊक, मेली अवलाद आहे. तू जेवलास का? पाठ कशी आहे? तो मलम लावतोस का? आणि थंडी? ... बरं. बरं. जा." फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानापासून काढला नाही. मी कुई खाली घेतली आणि ती पोटाशी धरून उभा राहिलो.

"ही कशी चढली?"

"तरणी आहे."

"क्लोतिल्देबाई."

त्या सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या. "मी फोन केला ना, तर म्हणतो, आई, छपरावर आहे, नंतर करतो. नंतर म्हणजे कधी, ते देवालाच माहीत. त्याचाही दोष नाही, मिस्त्री, तिकडे वेळच नसतो म्हणे. पण हे ओरडलं की छपरावर असला तरी करतो." आणि मग एकदम, "तुम्ही त्याला सांगणार?"

"मी गजर बसवतो," मी म्हणालो. "चहाड्या करत नाही."

पण त्या आठवड्यात रोमुलोचाच फोन आला. "मिस्त्री, बास झालं. दर रविवारी जीव घशाशी येतो माझा. मुकादमाने दोनदा शिव्या घातल्या. आईला हे झेपत नाही. तिचा आकडा पुसून टाका, चावी माझ्या चुलतभावाकडे द्या. घर बंद राहू दे. तिला तिचं स्वयंपाकघर आहे की."

दोन नंबरचा, म्हणजे बाईंचा, आकडा पुसायला वीस सेकंद लागतात. मी शनिवारी गेलो. बाईंनी दिवाणखाना झाडून ठेवला होता, कुया गॅरेजमध्ये हलवल्या होत्या, कपाटावरचा घासाचा कचरासुद्धा पुसला होता. त्यांना वाटलं मी सेल बदलायला आलो. मी पेटीसमोर उभा राहिलो आणि माझा हात उचलेना. शेवटी सांगून टाकलं.

त्या भिंतीपाशी गेल्या आणि तिच्यावर तळवा टेकवला. मग म्हणाल्या, "ही भिंत मी तीनदा पाडली होती."

"माहीत आहे."

"बरं. घर त्याचं आहे." गळ्यातल्या दोरीला किल्ली होती, ती त्यांनी डोक्यावरून काढली, दोरी वेणीत अडकली, मी सोडवायला गेलो तर माझा हात बाजूला केला. किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली आणि विचारलं, "पण मग तो रविवारी फोन कशाला करेल?"

माझा बाप मी नऊ वर्षांचा असताना उत्तरेला गेला. तेव्हा आमच्या डोंगरात फोन नव्हते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आई मला घेऊन दोन तास चालत तालुक्याला यायची, फोनच्या दुकानात बाकावर आम्ही बसायचो, आणि दुकानदार नावं पुकारायचा. किस्पे, दोन नंबरची खोली. तीन वर्षं पुकारलं. मग एका रविवारी पुकारलं नाही. त्यानंतर आणखी सव्वा वर्ष आम्ही जात राहिलो. आई जाताना नवी शाल घालायची. अजून कुठे कोणी नंबर पुकारला की माझी मान वळते. बापाचा मला राग आहे असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर मला त्याचा आवाज ऐकायचा आहे, बाकी काही नको.

मी बाईंसमोरच रोमुलोला फोन लावला.

"रोमुलो, ऐक. दोष सापडला. आपण चालून दाखवलं नाही."

"म्हणजे?"

"बिनवायरीच्या यंत्राला आठवड्यातून एकदा चालून दाखवावं लागतं. तू तिकडून फोनवर चाचणी लावायची. इकडे एक माणूस एकेका खोलीतून फिरणार, दिवा लागला की तू नंबर सांगायचा. नाही केलं तर यंत्राला घरच्या माणसाची सवय राहत नाही. मग ते कशालाही ओरडतं."

"चुलतभाऊ करेल."

"तुझा चुलतभाऊ रविवारी दुपारी सरळ चालतो का?"

तो हसला. चौदा वर्षांत गावचं तेवढं तरी विसरला नव्हता. "किती वेळ लागतो?"

"अर्धा तास. घाई केली की पुन्हा बोंब. आणि माणूस नेहमी तोच हवा. त्यामुळे दोन नंबरचा आकडा राहू दे."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी किल्ली त्यांच्या हातात परत दिली. मी धादांत खोटं बोललो असं नाही. चालून दाखवण्याची चाचणी असते, कागदावर लिहिलेली असते. फक्त ती वर्षातून एकदा करायची असते.

गजर थांबले. कुया गॅरेजमध्ये सुखाने वाढल्या, आणि नाताळला बाईंनी माझ्याकडे एक भाजलेली धाडली, तांबूस, लठ्ठ. मी ती ओळखली आणि मला खाववेना. मार्गोतने खाल्ली.

आठ-नऊ महिने काही ऐकू आलं नाही. मग रोमुलोचा निरोप आला की पाच नंबरच्या डोळ्याचे सेल संपत आलेत. त्या डोळ्याला दोन वर्षं पुरायला हवेत, कारण समोर काही हललं तरच तो सेल खातो. मी बदलले. चार महिन्यांनी पुन्हा तोच निरोप, आणि खाली लिहिलेलं, "मिस्त्री, हलके सेल घालता का?"

हे मला लागलं. हलके सेल मी माझ्या शत्रूच्या घरी घालणार नाही. बाकी चारही नंबरांचे सेल टणटणीत होते, मग पाचलाच काय धाड भरली होती? चाचणीच्या वेळीच बघावं म्हणून रविवारी चारला गेलो. दार उघडं होतं. बाई आत होत्या, फोन गळ्यातल्या दोरीला लटकवलेला, आवाज मोठा. अंगावर नवी शाल होती. मी दाराशीच थांबलो.

"एक," रोमुलो म्हणाला. "दार दिसलं. चल."

"चालतेय. गुडघा आहे तो, मोटार नाही."

"तीन. दिवाणखान्यात आलीस. खिडकीतून काय दिसतंय?"

"काय दिसणार? मका. कमरेला लागलाय. तेरेसाची गाय शिरलीय पुन्हा."

"कुठली गाय? ती पांढरी?"

"पांढरी कधीच मेली. ही तिची नात."

"चार. जिना. कठड्याला धर, आई. किती पायऱ्या आहेत गं?"

"सतरा. तू पैसे उशिरा धाडलेस, नाहीतर सोळातच बसवल्या असत्या. गवंडी कंटाळून मोजायला विसरला."

दोघं हसले. मी सेल हातात घेऊन मागोमाग जिना चढलो. वरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलंगावर पांढऱ्या कापडातला क्रूस होता, त्याच्याशेजारी जागा करून बाई बसल्या होत्या. हात मांडीवर, पाय जमिनीला पुरत नव्हते. कोपऱ्यात वर माझा डोळा, त्याचा छोटा तांबडा दिवा विझलेला. तो ऊब बघतो, पण हलणारी. माणूस गप्प बसलं की त्याच्या लेखी खोली रिकामी असते.

"पाच आला आणि गेला," रोमुलो म्हणाला. "आई? कुठे आहेस? दिसत नाहीस."

"इथेच आहे रे. तुझ्या पलंगावर बसलेय."

"मग हात हलव ना."

त्यांनी उजवा हात उचलला आणि हलवला, बस निघून गेल्यावर आपण उगाच हलवत राहतो तसा. तांबडा दिवा लागला.

"दिसलीस," तो म्हणाला. आता मागे हातोडे नव्हते. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. हात खाली आला, दिवा विझला.

"आई, अजून एकदा."

त्यांनी पुन्हा हलवला.

"अजून एकदा."

मी जिना उतरलो, पायऱ्या वाजू न देता, सतराच्या सतरा. अंगणात मका वाऱ्याने सळसळत होता. तिथे उभा राहून मी रडलो, आणि तेरेसाच्या गायीला दगड मारून हाकललं.

सोमवारी जाऊन पाच नंबरचे सेल बदलले. रोमुलोला निरोप धाडला की तुझं बरोबर होतं, सेल हलके होते, चूक माझी. यापुढे दर चार महिन्यांनी मी स्वतः येऊन बदलत जाईन.